पंचामृत प्यालेली दुनळी

मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. म्हणजे होते. आता माझी एकच नळी उरली आहे, आणि ती काय काम करते हे कळल्यावर तुम्ही हसाल. खुशाल हसा. पण मित्रांनो, हसून झालं की एकदा छगनच्या सदऱ्याची डावी बाही बघा. ती मनगटापाशी गाठ मारून ठेवलेली असते.

माझा जन्म विलायतेतला. तिथल्या कारागिरांनी लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून माझ्या नळ्या घडवल्या. त्यामुळे माझ्या अंगावर लाटालाटांची सुंदर नक्षी होती. नगरच्या छावणीतल्या एका साहेबाने मला इकडे आणलं. साहेब तोंडाचा फटकळ होता, नोकरांवर खेकसायचा, पण शिकारीहून आला की जेवायला बसण्याआधी मला साफ करायचा. काठीला चिंधी गुंडाळायची, ती तेलात बुडवायची आणि दोन्ही नळ्यांतून आरपार फिरवायची. एवढंच. तेवढ्यावर मी जन्मभर धड राहिले असते. पण साहेब मायदेशी निघाला आणि जाताना मला बेलापूरकडच्या काकासाहेबांना देऊन गेला.

काकासाहेब मोठे बागाईतदार. माझे हाल त्यांच्या घरी झाले, आणि तेही लाडाने! त्यांनी मला खुंटीला टांगलं. पाहुणे आले की मला दाखवायचे आणि मिशीवर ताव द्यायचे. शिकारीच्या नावाने मात्र त्यांनी माझ्यातून कधी एक होला पक्षीसुद्धा पाडला नाही. पण खंडेनवमी आली की माझा काय तो थाट! घरातली शस्त्रं पुजायचा दिवस. काकासाहेबांची बायको बनुबाई मला पाटावर उभी करायची, तोंड वर, आणि माझ्यावर पंचामृत ओतायची. दूध, दही, तूप, मध, साखर. बाहेरचं ओघळून जायचं, आतलं आत उतरायचं. मग दोन्ही नळ्यांच्या तोंडात झेंडूचं एकेक फूल. वरून फडक्याने पुसलं की मी परत खुंटीवर. आत कोणी डोकावलं तर शपथ! अरे, मी काय दगडाची मूर्ती होते? मला पोट होतं.

ते दही-साखर माझ्या पोटात आंबत राहायचं. मुंग्या लागायच्या. मग गंज चढला. आधी नुसते ठिपके होते, पुढे खड्डे पडले. बाहेरून मी नवरीसारखी नटलेली, आणि आतून किडलेल्या दाढेसारखी. दरवर्षी पूजा अधिकच जोरात व्हायची.

मग तिकडे विलायतेत लढाई सुरू झाली. विलायतेहून नव्या बंदुका यायच्या बंद झाल्या आणि जुन्या बंदुकांना गिऱ्हाईक आलं. काकासाहेब मला घेऊन नगरला शमशेरच्या दुकानी गेले. शमशेर बंदुका दुरुस्त करायचा. त्याने माझ्या नळ्या सुट्या केल्या, उजेडाकडे धरल्या आणि एक डोळा मिटून आत पाहिलं. मग नळ्या दोरीला टांगून त्याने बोटाने टिचकी मारली. धड नळी घंटेसारखी वाजते. मी फुटक्या मडक्यासारखी वाजले.

"काकासाहेब, काय पाजलं वो हिला?" शमशेर म्हणाला. "डावी नळी तर पापडावानी झाली."

"काही इलाज?"

"इलाज न्हाई. जुन्या दुनळीला गिऱ्हाईक तीन परकारचं. हौशी मानूस भितीला लावतो. आमच्यासारका मोडून सुटं भाग काढतो. आन अडलेला मानूस उडवायला घेतो. पयल्या दोघांस्नी द्या. तिसऱ्याला देऊ नका, मरंल त्यो."

काकासाहेबांनी बाहेर रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू बाहेरून काळी करून दे."

शमशेर हसला. "देतो की. आपल्याला काय! पन काडतूस घालायचं न्हाई बरं का." आणि त्याने मला काळी कुळकुळीत करून दिली. माझी लाटांची नक्षी त्या रंगाखाली गेली. बघणाऱ्याला मी कालच घडवलेली वाटावी, इतकी मी छान दिसत होते.

अडलेला माणूस आपल्या पायाने चालत आला. त्याचं नाव छगन. कालव्याकाठी त्याचा ऊस होता आणि रानडुकरं तो उभा लोळवत होती. पीक राखायला त्याने मामलेदार कचेरीतून बंदुकीचा परवाना मिळवला होता, पण बंदूकच मिळत नव्हती.

"डुकरांनी वाट लावली बगा, काकासाहेब," तो म्हणाला. "डबं बडवून बडवून बायकुच्या हाताला फोड आलं. तुमची दुनळी मला द्या."

"पुजेतली आहे रे ती. देवासारखी," काकासाहेब म्हणाले. "पण तू आपला माणूस. तुला नाही कसं म्हणू?"

माझ्या बदल्यात छगनने आपला खोंड दिला. वासरू असल्यापासून आपल्या हाताने वाढवलेला, पांढराशुभ्र खोंड. काकासाहेबांनी खोंडाचं तोंड उघडून दात पाहिले. खूर उचलून पाहिले, शेपटी पिळून पाहिली, त्याला अंगणात चालवून पाहिलं. आणि छगन? त्याने माझ्या तोंडात डोकावलंसुद्धा नाही. त्याने मला दोन्ही हातांत घेतलं आणि कपाळाला लावलं.

"एक बार काढून बघ," काकासाहेब म्हणाले आणि स्वतः कडुलिंबाच्या खोडामागे जाऊन उभे राहिले. छगनला वाटलं, आवाजाला भ्यायले. तो गालातल्या गालात हसला. त्याने उजवी नळी उडवली. उजवी त्यातल्या त्यात धड होती, तिने बार झेलला. काकासाहेब झाडामागून बाहेर आले आणि म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं?"

घरी आक्काबाईने, म्हणजे छगनच्या बायकोने, कमरेवर हात ठेवून मला न्याहाळलं. "माजा खोंड दिला आन सवत आनली व्हय?"

"सवत न्हाई ग, राखनदार हाय," छगन म्हणाला. "आता तू डबं बडवू नको. निवांत झोप."

ती हसली. मित्रांनो, त्या घरात मला मायेने ठेवलं हो! चार दिवसांवर खंडेनवमी होती. आक्काबाई मुद्दाम बनुबाईकडे जाऊन माझी पूजा कशी करायची ते विचारून आली. दूध, दही, तूप, साखर जमवली. मधासाठी बांधावरच्या बोरीतलं पोळं काढलं, माश्या डसून तिचं तोंड सुजलं. एवढं करून मध निघाला थोडासाच, म्हणून तिने त्यात गूळ कालवला. आणि ते सगळं माझ्या पोटात ओतलं. मला ओरडावंसं वाटत होतं. ओरडणार कशी?

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, तांबडं फुटताना डुकरं उसात शिरली. छगनने बांधावर उभं राहून नेम धरला. त्याचा डावा हात माझ्या नळ्यांखाली होता, तिथेच, जिथे मी सगळ्यात पातळ झाले होते. या वेळी त्याने डावी नळी उडवली. मी फुटले.

डुकराला ओरखडाही आला नाही. छगनची बोटं मात्र उसाच्या पाचटात पडली. नगरच्या दवाखान्यात त्याचा हात मनगटापासून कापला.

तो घरी आला तेव्हा मी कोपऱ्यात पडून होते. काकासाहेब भेटायला आले. छगनचाच खोंड जुंपलेल्या छकड्यातून आले. आक्काबाईने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "असं कसं झालं वो, काकासाहेब? तुमच्याकडं तर इतकी वर्सं हुती."

आता तरी खरं बोलतील, असं मला वाटलं. काकासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर आढ्याकडे पाहिलं. "हत्यार आहे ते, आक्काबाई. कोपतं. पूजेत काही राहिलं का?"

आक्काबाईने पायांवरचं डोकं उचललं. "मध कमी पडला हुता," ती म्हणाली. "म्या गूळ घातला."

"मग काय बोलायचं!" असं म्हणून काकासाहेबांनी उसासा टाकला आणि ते उठले. निघताना खोंड दारातून हलेना. त्यांनी त्याला चाबूक मारला.

पुढे पाणवठ्यावर बायका तेच बोलायच्या. हिने मधाची कंजुषी केली, नवऱ्याचा हात घालवला. छगन तिला कधी एक शब्द बोलला नाही. पण "तुजं काई चुकलं न्हाई" असंही म्हणाला नाही, आणि ती रोज त्या एका वाक्याची वाट बघत त्याला भाकर कुस्करून द्यायची.

माझी मोडतोड झाली. पुंजाराम लोहाराने उजव्या नळीचा धड तुकडा कापून फुंकणी करून दिली. शेतकऱ्याच्या घरात लोखंड वाया जात नाही. आता आक्काबाई रोज पहाटे माझ्या तोंडाला तोंड लावते आणि चूल पेटवते. हसायचं ते आता हसा.

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. आक्काबाईने राजूरच्या बाजारातून डोंगरातला मध आणवला, वाटी भरून. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ पाटावर मांडला. मग मला घासून आणलं, पाटावर उभी धरली आणि म्हणाली, "बाई, चुकले मी. या वक्ताला काई कमी न्हाई. आता राग सोड."

तिने ओतलं. पण मी आता बंदूक नव्हते. फुंकणी दोन्हीकडून उघडी. वरून घातलेलं दूध, दही, मध सगळं खालून भळाभळा पाटावर सांडलं. आक्काबाई बघतच राहिली. मग ती मटकन खाली बसली. "घेत न्हाई वो ती," ती छगनला म्हणाली. "अजून राग गेला न्हाई तिचा." आणि ती पदर तोंडात कोंबून रडायला लागली. छगनने एका हाताने मला नमस्कार केला.

मित्रांनो, तुमच्या घरी शस्त्र असो, अवजार असो, फूल वाहण्याआधी त्याच्या आत डोकावत जा. चिंधी फिरवा, तेल द्या. आणि कालव्याकडे कधी आलात, तर एवढं माझं काम करा. आक्काबाईला सांगा, मध पुरेसा होता.