इंजिन थंड होईपर्यंत

बाबांच्या शेवटच्या बाजाराच्या दिवशीही दुपारी दोनला गिरणी थांबली. धानाच्या टोपल्यांची रांग दाराबाहेर गेली होती. बाबांनी पट्टा उतरवला, "इंजिन थंड होऊ द्या," म्हणाले आणि मागच्या खोलीत गेले. पाठोपाठ बुधरी गेली. पाच कोस जंगलातून चालत येणारी ती गोंड बाई दर बाजाराला अशीच आत जायची आणि दार लोटलं जायचं.

"हवालदाराचं इंजिन लय तापते बाई," रांगेतली एक म्हणाली. पलटणीतून परतलेल्या बाबांना सगळे हवालदारच म्हणत. बाकीच्या पदर तोंडाला लावून हसल्या.

घरी आईनं भात वाढता वाढता विचारलं, "झालं का थंड, तुह्या बापाचं?"

मी शाळेत शिकवत होते. असल्या गोष्टी पुस्तकात आल्या की मी त्या माणसांना समजून घेत असे. बाबांना मात्र नाही. बुधरीच्या डोक्यात नवी फणी दिसली की ती कोणी घेतली असेल, याचा मी दिवसभर विचार करी. एकदा पाण्याचं निमित्त करून दाराशी गेले, तर आत बाबा बोलत होते. सेहेचाळीस साली ब्रह्मदेशाच्या लढाईतून परत आलेला, घरात त्याबद्दल अवाक्षर न काढणारा माणूस तिथं भरभरून बोलत होता आणि बुधरी हसत होती. तांब्या घेऊन मी तशीच परतले.

त्या शेवटच्या बाजाराच्या संध्याकाळी बाबा हात धुताना म्हणाले, "कमळे, अशी काऊन पाहून राह्यली?"

"काही नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनाचा हँडल फिरवता फिरवता ते खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत.

पुढच्या बाजाराला बुधरी आली. गिरणी बंद होती. तिला पाहून आई भिंतीकडे तोंड करून बसली. एकदाचं विचारून टाकायचं, असं ठरवून मी तिला मागच्या खोलीत नेलं. ती पोत्यावर बसली, नेहमीची जागा असावी तशी.

"काय काम होतं तुझं बाबांकडे?"

"आता मले इसरूचं कोन सांगन, बाई?"

इसरू तिचा नवरा. बाबांच्याच पलटणीत गेलेला.

"तुहा बाप दर बाजाराले एक गोष्ट सांगे. इसरूनं तिकडच्या नदीत तीर मारून मासा कसा धरला, गोऱ्या साहेबाले मोहाची दारू कशी पाजली. लय हसवे. गोष्ट सरली का मी विचारो, पत्ता लागला का? तो म्हणे, नाई."

तिनं कमरेची गाठ सोडून एक कागद काढला. मी तो लगेच ओळखला.

पंचेचाळीस साली तो कागद तिनं माझ्याकडेच आणला होता. आमच्या आळीत इंग्रजी वाचणारी मी एकटी. पंधरा वर्षांची. कडेवर मूल घेऊन ती माझ्या तोंडाकडे पाहत होती, आणि नवऱ्याचं पत्र आलं म्हणून हसत होती. सापडत नाही, शोध चालू आहे, असं मी वाचून दाखवलं.

"हे बाबांना दाखवलं होतंस?"

"तो आला त्याच आठवड्यात. लय वेळ पाहत राह्यला. मंग म्हणे, कोनं वाचलं? मी म्हटलं, तुह्या पोरीनं. त्यानं घडी घातली. म्हणे, तिनं वाचलं तेच खरं."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"गावातले म्हणते, त्याचा दगड बसव," बुधरी म्हणाली. "गेलेल्याचा बसवते आमच्यात. जित्या माणसाचा कसा बसवू? तूच सांग."

तिनं कागद माझ्यापुढे धरला. मी तो घेतला नाही. त्यात काय लिहिलं आहे ते मला पाठ होतं.

"बुधरी," मी म्हटलं, "मी तेव्हा खोटं वाचलं. इसरू मेला, असं लिहिलंय यात. बाबांनाही ते माहीत होतं. माझ्यासाठी ते गप्प राहिले."