विचारून चालणारा

फाटकाला कुलूप दिसल्यावर क्लिफर्डने टोपी काढली, जणू कुणी वारलंच होतं. मग त्याने ते कुलूप हातात घेऊन नीट पाहिलं आणि आवाज होणार नाही अशा बेताने परत सोडून दिलं. वर पाटी होती: खाजगी जागा, आत येऊ नये.

"लिहिलंय म्हणजे मालकाची तशी इच्छा असणार," तो म्हणाला आणि गुपचूप डांबरी रस्त्याकडे वळला. आम्ही त्याच्या मागोमाग निघालो. दूध घेऊन जाणारे टँकर अंगावर चिखल उडवत होते आणि आमच्यातल्या निम्म्या लोकांची तोंडं मागे, त्या शेताकडेच होती.

आमची ही बुधवारची टोळी. सगळे निवृत्त, सगळ्यांचे गुडघे कुरकुरणारे, आणि सगळ्यांना दर बुधवारी डर्बीशायरच्या डोंगरातून रमतगमत दिवसभर चालायची खोड. वाटेत भिंतीच्या आडोशाला सँडविच, शेवटी पब. वाट क्लिफर्ड ओल्ड्रॉइड ठरवायचा आणि पुढे चालायचा. मी, म्हणजे पॉलीन, सगळ्यांच्या मागे. मागच्याला आम्ही शेपूट म्हणतो. कुणी झुडपामागे गेलं असेल तर त्याच्यासाठी थांबायचं, हे शेपटाचं काम. शाळेच्या स्वयंपाकघरात सगळी नोकरी झाल्यामुळे मागे राहिलेल्यांना गोळा करण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

कुलूप लागलं ते शेत जेथ्रो हॅलमचं. म्हातारा त्याआधीच्या हिवाळ्यात गेला, पुतण्याने शेत विकलं, आणि लंडनहून टोबी फेनविक नावाचा गृहस्थ बायको आणि दोन घोडे घेऊन राहायला आला. त्या शेतातून नदीच्या काठाने एक पायवाट जाते. मे महिन्यात तिथल्या झाडांखाली निळी घंटाफुलं अशी पसरतात की आमची बडबडी माणसंही दोन मिनिटं गप्प होतात. क्लिफर्डची बायको एनिड तिथे बूट काढून पाण्यात पाय सोडून बसायची आणि हलायचं नाव घ्यायची नाही. शेवटच्या वर्षी तिला धाप लागायची, तरी तेवढी वाट तिने सोडली नव्हती. तिला जाऊन आता चार वर्षं झाली. क्लिफर्ड हे कधी बोलून दाखवत नाही, पण मे महिना आला की आमची वाट हटकून नदीकडे वळते. कुलपामुळे आमची एक चांगली वाट गेली होती, पण त्याचं त्याहून बरंच जास्त गेलं होतं.

पबमध्ये हेस्टर व्हिटवर्थने सूत्रं हाती घेतली. हेस्टर वकिलाच्या कचेरीत वाढलेली, निवृत्त झाली तरी आवाज अजून कामावरच आहे. तिने मटणाच्या पाईचा घास बाजूला ठेवून आम्हाला कायदा समजावला. लोक एखाद्या वाटेने वीस वर्षं उघडपणे, दांडगाई न करता आणि कुणाची परवानगी न घेता चालत असतील, तर ती वाट सार्वजनिक होते. मग फेनविकच काय, राजा आला तरी कुलूप लावू शकत नाही.

"मुद्दा एवढाच," हेस्टर म्हणाली, "विचारून गेलात तर ती मालकाची मेहेरबानी. न विचारता गेलात तर तो तुमचा हक्क."

आम्ही टेबलं बडवली. हेस्टरने स्थानिक परिषदेकडे अर्ज करायचा आणि चौकशीत आम्ही सगळ्यांनी साक्ष द्यायची, असं ठरलं. आम्ही तर त्याच्याही आधीपासून चालतोय आणि आयुष्यात कुणाला विचारलेलं नाही. प्रत्येकाने आपण किती बिनधास्त घुसायचो याच्या बढाया मारल्या. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा हर्बर्ट तर असा बोलत होता की ऐकणाऱ्याला तो दरोडेखोर वाटला असता. क्लिफर्ड मात्र अर्ध्या ग्लास बिअरकडे बघत बसला होता. मला वाटलं, एनिडची आठवण आली असेल.

खरं काय ते मला जानेवारीत कळलं. कडक थंडीत आम्ही डोंगरावर जात नाही, शेफील्डच्या गल्ल्यांतून चालतो. त्यातही मजा असते, आणि क्लिफर्डबरोबर तर फारच. तो जन्मभर गॅसचे मीटर वाचत या गल्ल्यांतून हिंडला. कुठल्या घराच्या जिन्याखालच्या कपाटात काय होतं हे त्याला अजून पाठ आहे. इथे मीटरवर मांजर व्यायची, तिथे नवऱ्यापासून लपवलेल्या टोप्या होत्या, त्या कोपऱ्यावरच्या बाई मीटर दाखवायच्या आधी केक खायला घालायच्या. एका चढावर बाकीचे पुढे गेले आणि तो माझ्यासाठी थांबला.

"पॉलीन, एक घोळ झालाय," तो म्हणाला. "जेथ्रोला मी विचारायचो."

"काय विचारायचास?"

"जाऊ का म्हणून. दर वेळी. तुम्ही सगळे फाटकाशी बूट बांधत असायचात, तेवढ्यात मी त्याच्या दारावर टकटक करून यायचो."

मी तिथेच भिंतीला टेकले. आम्हाला वाटायचं, हा आडोशाला जाऊन येतो. वयाप्रमाणे जरा वरचेवर जातो, एवढंच.

"अरे पण का?"

"चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या दारात उभा राहिलोय गं. आत येऊ का, हे विचारल्याशिवाय माझा पायच उचलत नाही."

आता याला काय म्हणावं? आम्हा इंग्रजांना लहानपणापासून पढवतात की विचार, आभार मान, माफी माग. धक्का दुसऱ्याने मारला तरी सॉरी आपण म्हणतो. आणि कायदा म्हणतो की ज्याने विचारलं त्याचं गेलं. मला हसू आलं, पण हेस्टरचा चेहराही डोळ्यांसमोर आला.

हेस्टरला सांगणं भाग होतं. ती आधी पांढरी पडली, मग लाल झाली. क्लिफर्डला तिने बाजूला घेतलं, तेव्हा मीही होते. तू साक्षच देऊ नकोस, ती म्हणाली, आजारी पड. क्लिफर्ड म्हणाला, टोळीचा पुढारी मी, मीच गैरहजर राहिलो तर कसं दिसेल? मग निदान आपणहून काही बोलू नकोस, ती म्हणाली. ते त्याने कबूल केलं. "पण विचारलं तर सांगेन," तो म्हणाला. "खोटं बोलून तिथे गेलो, तर नदीकाठी बसवणार नाही मला."

चौकशी गावच्या हॉलमध्ये झाली. सरकारकडून आलेल्या अधिकारी बाई टेबलामागे, एका बाजूला टोबी फेनविक आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला आम्ही आणि चहाचा मोठा बंब. टोबी दिसायला राक्षस नव्हता, हे पाहून माझी थोडी निराशा झाली. पोरसवदा चेहऱ्याचा, नखं कुरतडणारा माणूस. घोडे बुजतात, लोक कुत्री मोकळी सोडतात, घरासमोरून कोण जातंय ते कळत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. आमचे लोक एकामागून एक उठले आणि आपण कधीच कुणाला विचारलं नाही असं ठणकावून सांगून बसले. हर्बर्टने तर ते दोनदा सांगितलं.

मग क्लिफर्ड उभा राहिला. लग्नातला कोट घालून आला होता. वकिलाने पहिला प्रश्न तोच विचारला.

"मिस्टर ओल्ड्रॉइड, तुम्ही मिस्टर हॅलमना कधी परवानगी विचारली होती?"

"हो. दर वेळी विचारायचो."

हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. हेस्टरने डोळे मिटून घेतले. वकिलाचा चेहरा असा खुलला की त्याने तिथेच थांबायला हवं होतं, पण यशाने माणूस वाहवतो.

"म्हणजे मिस्टर हॅलम तुम्हाला परवानगी द्यायचे."

"छे हो. एकदाही दिली नाही त्याने."

"नकार द्यायचे?"

"नकारही नाही. शिव्या द्यायचा."

अधिकारी बाईंनी लेखणी खाली ठेवली. "नेमकं काय म्हणायचे ते सांगता का?" त्यांनी विचारलं.

क्लिफर्डचे कान लाल झाले. सभेत, बायकांसमोर, तेही असल्या भाषेत. पण विचारलं होतं, म्हणून त्याने सांगितलं, अगदी जेथ्रोच्या घोगऱ्या आवाजात. "म्हणायचा, मला काय इचारतोस, येड्या? माझ्या बापालाबी कुणी इचारलं न्हाई. वाट हाय ती, माझी कोंबडी न्हाय, तुला द्याया. जा गप. असं म्हणून दार आपटायचा. माफ करा बाई."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळा हॉल हसला. अधिकारी बाईसुद्धा. हसला नाही तो वकील, कारण त्याला कळलं होतं. हेस्टरला कळायला एक क्षण जास्त लागला. मग तिने माझा दंड इतक्या जोरात दाबला की तिथे निळं पडलं. मालकानेच वाट आपली नाही म्हटलं, एकदा नाही, वर्षानुवर्षं. हे बाहेर आलं कशामुळे, तर या एकट्या माणसाने विचारलं म्हणून. आणि स्वतःच्या विरुद्ध जाईल असं वाटत असताना जो खरं सांगतो, त्याच्यावर विश्वास बसतोच. आमच्या बढायांवर कुणी ठेवला असता की नाही, देव जाणे.

निकाल यायला वर्ष उलटलं, पण आला तो आमच्या बाजूने. कुलूप निघालं, वाटेवर परिषदेचा हिरवा खांब उभा राहिला आणि मेमधल्या पहिल्या बुधवारी आमची टोळी बूट घासून, छाती काढून फाटकाशी जमली. हर्बर्टने खिशात झेंडी आणली होती. टोबी फेनविक कुंपणाशी घोड्याचं खोगीर पुसत उभा होता. हेस्टर त्याच्याकडे न बघता, हनुवटी वर करून, फाटक ढकलून आत शिरली. तिच्यामागे बाकीचे, हर्बर्ट झेंडी हलवत.

क्लिफर्ड शिरला नाही. तो वळून कुंपणाशी गेला आणि त्याने टोपी काढली. मी शेपूट, मला थांबणं भागच होतं.

"मिस्टर फेनविक," तो म्हणाला, "इथून जाऊ का?"

टोबीला आपली थट्टा चालली आहे असं वाटलं. त्याची मान ताठ झाली. "आता मला विचारायची गरज नाही तुम्हाला. तुम्ही जिंकलात."

"वाट जिंकलो. दार तुमचं आहे."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी रस्त्याने जाईन," क्लिफर्ड म्हणाला.

तो खरंच गेला असता. पलीकडे नदी चमकत होती, झाडांखाली निळं निळं झालं होतं, दोन वर्षांनी तो तिथे आला होता, आणि तरी तो माघारी वळून त्या टँकरांच्या रस्त्याने गेला असता. मला हे ठाऊक होतं. टोबीलाही ते कळलं असावं, कारण त्याची ताठलेली मान सैल झाली. मग त्याने फडकं खांद्यावर टाकलं आणि आमच्या लोकांकडे पाहिलं. हेस्टर घोट्यापर्यंत रुतली होती आणि हर्बर्ट तिला ओढता ओढता स्वतः गुडघ्यापर्यंत गेला होता.

"मधे फार चिखल आहे," टोबी म्हणाला. "तुम्ही डावीकडून जा."

क्लिफर्डने आभार मानले, टोपी घातली, आणि आम्ही दोघं डावीकडून गेलो.