मधला टा

चिमट्यात धरलेला किडा मुद्रितशोधकाने साबणाच्या पाण्यात सोडला आणि तो मगाच्या तळाशी जाईपर्यंत वाट पाहिली. काळा, खरखरीत, पाठीवर नारिंगी ठिपके, चाल मगरीची. असलं ध्यान कुणी नि कशासाठी घडवलं असेल, असले प्रश्न पडायचं त्याचं वय उलटून गेलं होतं. त्याने घेवड्याचं पुढचं पान उलटलं. पानं उलटायची त्याला चाळीस वर्षांची सवय होती.

चिमटा बायकोचा, भुवया कोरायचा. तिला तो आता लागत नव्हता.

घेवडा मात्र काही केल्या सुधारत नव्हता. शेंड्याशेंड्यावर काळपट हिरवा मावा दाटला होता, पानं चिकट होऊन आकसली होती, शेंगा बोटभर होण्याआधीच वाकड्या होत होत्या. रोज तो किडे मारत होता आणि रोज मावा वाढत होता. यावरून माणसाने काहीतरी ओळखायला हवं होतं. पण ज्याच्याजवळ लेखी सूचना असतात, तो स्वतःच्या डोळ्यांवर फारसा विसंबत नाही.

सूचना वहीत होत्या. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता बायकोचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिने बसल्या बैठकीत बागेची वर्षभराची कामं लिहून काढली. ती शाळेत शास्त्र शिकवायची आणि घरी आल्यावर मागच्या दारी तेच जगायची. बागेत त्याचा वाटा होता तो तक्रारीचा. ही बाग आहे की जंगल, असं तो म्हणायचा, आणि वर, "तू एकदा आडवी पड, मग बघ कसं साफ करतो ते." हा विनोद तीस वर्षं चालला. पहिली दहा वर्षं ती हसलीसुद्धा.

मग ती खरंच आडवी पडली. ऑपरेशन झकास झालं आणि तिसऱ्या दिवशी मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. ऐकू सगळं येतं, कळतंही सगळं, डॉक्टर म्हणाले, फक्त बाहेर येणार नाही. त्यांचं मन कशात तरी लागलं पाहिजे, नाहीतर त्या मिटत जातील. मुद्रितशोधकाने पलंग मागच्या खिडकीशी लावला आणि वही उघडली.

बायको सलग लिहायची. शब्दाला शब्द चिकटलेला, जणू मधल्या मोकळ्या जागेतून वारा येईल. लग्न ठरलं तेव्हा तिचं पहिलं पत्र त्याने तांबड्या शाईने तपासून परत पाठवलं होतं. तरीही लग्न झालं. वडीलधाऱ्यांनी हॉल ठरवून टाकला होता. तेव्हा वहीही त्याने आधी तपासली, मग वाचली. सात ठिकाणी एकच चूक सापडली. 'तोडूनका.' 'जाळूनका.' 'बुजवूनका.' दरवेळी मधला टा गळलेला. एकदा गळला तर ती चूक, सातदा गळला तर ती खोड. त्याने सातही ठिकाणी अक्षर राहिल्याची, हंसपदाची खूण केली आणि वर एकेक तांबडा टा भरला.

मग तो कामाला लागला. हिवाळ्यात सूर्यफुलांची वाळलेली डोकी तोडून टाकली. कुंपणाशी साठलेला पाला जाळून टाकला; त्यातून काहीतरी सरसरत निघालं आणि अर्ध्या वाटेतच थांबलं. उन्हाळ्यात मागच्या मातीच्या भिंतीतली बोटाएवढी भोकं सिमेंटने बुजवून टाकली. तिथल्या मधमाश्या दोन दिवस भिंतीला डोकं लावत राहिल्या, मग दिसेनाशा झाल्या. पावसाळ्यात डबक्याकाठचं गवत काढून टाकलं. त्या वर्षी बेडूक ओरडले नाहीत आणि त्याला झोप उत्तम लागली. आयुष्यभर वाद घालून शेवटी बायकोला आपलंच म्हणणं पटलं, याचं त्याला आत कुठेतरी समाधान होतं. आता तिला ते तोंडाने कबूल करता येत नव्हतं, म्हणून तोही बोलून दाखवत नव्हता. तेवढा सभ्यपणा त्याच्याकडे होता.

तो बागेत उतरला की ती डाव्या हाताने खिडकीच्या कठड्यावर थापा मारायची. एक, दोन, कधी हात लाल होईपर्यंत. तो खालून हात हलवायचा. "हो, हो, करतोय," म्हणायचा.

भोपळ्याला फुलं आली आणि गळली. टोमॅटो धरले ते बोराएवढे. पक्षी यायचे थांबले. बाग मात्र इतकी नीटनेटकी दिसू लागली की शेजारच्या निवृत्त सर्वेअरने कुंपणावरून मान डोलावली. आणि पंधरा दिवसांपूर्वी बायकोने खिडकीकडे पाठ फिरवली. थापा थांबल्या. चार दिवसांपासून तिच्या तोंडाशी चमचा नेला की ओठ बंद व्हायचे. डॉक्टर आता नळीचं बोलत होते; आणि नळी घातली की पुढे किती दिवस, ते बोलत नव्हते. मुद्रितशोधकाच्या मनाने घेतलं होतं की एवढा घेवडा जगवायचा. खिडकीशी शेंगा लोंबल्या, की ती वळून बघेल. म्हणून चिमटा.

मेहुणी आली तेव्हा मगात बरेच जमले होते. ती बायकोची धाकटी बहीण, कपडे शिवायची. मोजायची टेप गळ्यात तशीच घेऊन फिरायची. बहिणीच्या खोलीत डोकावून ती तडक मागच्या दारी आली आणि मगात वाकून बघत राहिली.

"भाऊजी, ही ढालकिड्याची पिल्लं ना?"

ढालकिडा म्हणजे काय, ते त्याला ठाऊक नव्हतं. तो लाल, गोल, काळ्या ठिपक्यांचा, लहान मुलं हातावर चालवतात तो, असं तिने सांगितलं. लहानपणी ताई काडेपेटीत घालून ही पिल्लं घरी आणायची आणि मावा पडलेल्या झाडावर सोडायची. एकेक पिल्लू दिवसाला ढीगभर मावा खातं, म्हणायची. आई ओरडायची, पण झाडं टवटवीत असायची.

"तुम्हाला हे मारायला कुणी सांगितलं?"

"तुझ्या ताईनेच. लेखी आहे."

त्याने पायरीवरची वही तिच्या हातात दिली, पान काढून, ओळीवर बोट ठेवून. लेखी म्हटलं की त्याचा आवाज आपोआप कार्यालयीन होत असे. मेहुणीने वही लांब धरली आणि शाळेतल्यासारखं मोठ्याने वाचलं.

"'घेवड्यावर काळे, नारिंगी ठिपक्यांचे किडे दिसतील. मारू नका.'"

"नीट वाच."

"नीटच वाचतेय. मारू नका." तिने वही जवळ घेतली. "हा वरचा तांबडा टा कुणाचा? तुमचा? आमच्याकडे सगळे सलगच लिहितात, भाऊजी. बाबासुद्धा. मास्तर छड्या मारून दमले." पानं मागे उलटत ती वाचत गेली. "तोडू नका. जाळू नका. बुजवू नका." तिने भिंतीकडे पाहिलं, सिमेंटचे करडे ठिपके पाहिले, डबक्याचा उघडा काठ पाहिला. "मी कापडाला टाका घालते. तुम्ही बागेला घातलात."

एरवी या कोटीला त्याने दाद दिली असती. त्याने वही परत घेतली. शब्द तेच होते, अक्षरं तीच होती. मधे केसाएवढी जागा सोडली की सगळं वर्ष उलटं होत होतं. ती त्याला कधी अरे-तुरे करत नसे. मनातल्या मनातसुद्धा करत नसावी. एकदा 'मारू नकोस' लिहिलं असतं, तर टा घालायला जागाच उरली नसती. अख्खी बाग अहो-जाहोपायी मेली होती.

त्याने खिडकीकडे पाहिलं. कठड्यावर, जिथे ती थापा मारायची तिथे, रंगाचा पोपडा निघाला होता. आडवी पड, मग बघ. हे तो तीस वर्षं म्हणत आला होता. ती आडवी पडली होती आणि वर्षभर बघत होती.

"मागे उन्हाळ्यात मी आले होते ना," मेहुणी म्हणाली, "तेव्हा ती खिडकीतून तुमच्याकडे बोट दाखवून रडत होती. मी म्हटलं, काळजी वाटतेय नवऱ्याची. उन्हात राबतोय म्हणून."

"तिला वाटलं असेल, मी मुद्दाम…"

गळ्यातली टेप काढून मेहुणी बोटाला गुंडाळत राहिली, आणि म्हणाली, की आता इथे उभं राहून तुम्ही काय वाचताय, तिला वाचून दाखवा.

खोलीत बायको भिंतीकडे तोंड करून होती. तिच्यासमोर यायचं तर पलंग आणि भिंत यांच्यामधल्या अरुंद जागेतून आडवं सरकावं लागत होतं. वही छातीशी धरून तो सरकला, मधे उशांच्या गठ्ठ्याला अडला, गठ्ठा खाली पडला. शेवटी तो जमिनीवर बसला, तेव्हा त्याचं तोंड तिच्या तोंडासमोर आलं. तिने डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर त्याला सोपं गेलं असतं.

त्याने वही उघडली आणि सातही ओळी मोठ्याने वाचल्या, जशा लिहिल्या होत्या तशा. मधे थांबत, जागा सोडत.

"तू बरोबर लिहिलं होतंस," तो म्हणाला. "मी त्यात घातलं. मला वाटलं, तुझं राहून गेलं." मग, एवढ्याने भागलं नाही हे त्यालाच जाणवलं, म्हणून म्हणाला, "मुद्दाम नाही केलं गं."

ती बघत राहिली. चेहऱ्याची डावी बाजू थोडी हलली. ते हसू होतं की रडू, हे अर्ध्या चेहऱ्यावरून ठरवणं अवघड होतं. मग तिचा डावा हात पांघरुणातून बाहेर आला, हवेत चाचपडला आणि तिने त्याच्या नाकावरचा चष्मा धरला. काडी कानात अडकली. तिने ओढून सोडवली, चष्मा छातीशी नेला आणि त्यावर मूठ मिटली.

चष्म्याविना त्याला तिचा चेहरा पुसट दिसत होता. तिच्या खांद्यापलीकडे खिडकीत घेवडा होता, नुसता हिरवा, शेंड्यापर्यंत शाबूत. दारात मेहुणी भाताची पातळ पेज घेऊन उभी होती. वाटीत चमचा वाजत होता. तो उठला नाही, आणि चष्मा परत मागायला त्याने हातही पुढे केला नाही.