इर्जिकाची हाक

पुंजाबा शिडीवर उभा राहून कौलं चाळत होता आणि रोशनी खालून एकेक नवं कौल त्याच्या हातात देत होती. फुटकं काढायचं, सरकलेलं बसवायचं. पावसाआधीचं दरसालचं काम.

घोटीजवळच्या भातखाचरांमधलं ते घर होतं पुंजाबाचं, पण छप्पर गावाचं मानलं जाई. त्याच्या माळ्यावर पूर्वी अख्ख्या गावाचं भाताचं बियाणं कणग्यांत भरून राहायचं. एका दुष्काळात माणसं उपाशी निजली, पण त्या कणग्यांना कुणी हात लावला नाही, आणि पुढच्या पावसात गाव त्याच बियाण्यावर उभं राहिलं. तेव्हापासून तिथली कौलं इर्जिकानं चाळली जायची. मालकानं आढ्यावर बसून हाक द्यायची, गावानं येऊन राबायचं, मालकानं पोटभर जेवू घालायचं.

"रोशने, माझा गळा बसलाय. यंदा तू हाक दे."

नाशिकला ग्रंथालयात नोकरी करणारी रोशनी हसली. लहानपणी ही हाक ऐकली की ती लाजून घरात लपायची. शाळेतल्या पोरी नक्कल करायच्या.

"बा, आता आढ्यावर बसून कोण ओरडतं? गावाच्या ग्रुपवर टाकते."

तिनं टाकलं. अंगठ्यांची रांग लागली.

"बघ, किती अंगठे आले!"

"अंगठे लय झाले," पुंजाबा म्हणाला. "हात कवा येतील?"

हात आले नाहीत. तरी त्यानं सवयीनं मोठ्या पातेल्यात रस्सा करायला लावला होता. बापलेकीनं तोच दोन्ही वेळा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच वर चढला, कौलांतून पाय गेला आणि खाली आला. दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

दहाव्याला, पिंडाला कावळा शिवायच्या आधीच, 'बियाणेघर जतन समिती' स्थापन झाली. अध्यक्ष किशोर. ग्रुपवर पहिला अंगठा त्याचाच होता.

समितीची सभा घरासमोरच्या खळ्यात भरली. मंडप आला, माईक आला, फ्लेक्स आला. फ्लेक्सवर हात जोडलेला किशोर दारापेक्षा मोठा होता आणि पुंजाबा कोपऱ्यात, तिकिटाएवढा.

"जीव गेला तरी बेहत्तर," किशोर गरजला, "पण ही वास्तू आपण वाचवू!"

जीव गेलाच आहे, रोशनीच्या मनात आलं. तुमचा नाही, एवढंच.

शेजारच्या शेतातली चिमणाबाई मागून म्हणाली, "किशोरभाऊ, भिंती मातीच्या हायेत. कौलं कोण चाळील?"

"मावशी, प्रस्ताव पाठवलाय. पावसाळ्यानंतर तज्ज्ञ येतील."

"मंग ढगालाबी एक प्रस्ताव धाडा. म्हनावं, तवर थांब."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. घाटाकडून काळं भरून येत होतं. किशोरनं घाईनं माईक पुढे केला. "ताई, तुम्ही शिकलेल्या. दोन शब्द बोला."

वारसा, जतन, लोकसहभाग यांवर रोशनीनं पुस्तकं वाचली होती. हे सगळे शब्द किशोरच्या तोंडून ऐकल्यापासून तिला त्यांची शिसारी आली होती. तिनं माईक त्याच्याच हातात ठेवला, ओढणी कमरेला खोचली आणि शिडी चढली. बाचा पाय गेला होता तिथलं भगदाड तसंच होतं.

"चिमणामावशी, तो फ्लेक्स द्या वर."

चिमणाबाईनं विळ्यानं दोऱ्या कापल्या आणि फ्लेक्स ओढत ती मागोमाग चढली. "तोंड कुठं करू याचं?"

"खाली."

"अहो ताई, माझा फोटो..." किशोर ओरडला.

"जतन करतेय," रोशनी म्हणाली.

भगदाड झाकलं, पण छप्पर केवढं तरी उरलं होतं. दोघींच्यानं होण्यासारखं नव्हतं ते. खाली समितीनं मोबाईल वर धरले होते. तिचा फोटो काढायला सगळे हात मोकळे होते. लांब खाचरांत भाताच्या रोपांसाठी राब भाजायला त्यावर माती पसरणारी माणसं मात्र पाठमोरी, वाकलेली. त्यांच्यापर्यंत माईक पोचला नव्हता.

ती आढ्यावर बसली, बा बसायचा तिथंच. तिनं दोन्ही तळवे तोंडाशी धरले.

"इर्जिक हाय वो ऽ ऽ! पुंजाच्या घरावर इर्जिक हाय! हात घेऊन या, पोट घेऊन या ऽ ऽ! अंगठा दाखवायला कुनी येऊ नका!"