पांढऱ्यावर पांढरं

सभागृहातल्या खुर्च्या संपल्या, तसे लोक भिंतीला टेकून उभे राहिले. पडदे विकणारा, मेणबत्त्या करणाऱ्या मायलेकी, जुनी घड्याळं दुरुस्त करून विकणारे आजोबा. सगळ्यांची दुकानं इंटरनेटवर, आणि सगळ्यांचं दुखणं एकच: दुकान आहे, पण कुणाला सापडत नाही. त्या दुखण्यावर औषध देणारा मंचावर उभा होता. लोक त्याला गुरुजी म्हणत. त्यानंही कधी नको म्हटलं नव्हतं.

"शोधयंत्र म्हणजे भुकेला हत्ती," तो सांगत होता. "त्याला काय आवडतं, ते मला एकट्याला ठाऊक आहे. तुम्ही फक्त विश्वास ठेवा."

मग त्यानं धाकटीला पुढे बोलावलं. धाकटी आणि तिची थोरली बहीण मिळून बुटांचं दुकान चालवायच्या. ज्यांचा एक पाय आखूड, त्यांच्यासाठी थोरली एका बुटाचा तळ आतून जाड करून द्यायची, तोही असा की बघणाऱ्याला पत्ता लागू नये. हात थोरलीचे, संगणक धाकटीचा. आठवडाभरापूर्वी धाकटीनं दुकानाचा पासवर्ड गुरुजींच्या हवाली केला होता.

"टाइप करा," गुरुजी म्हणाले. "समतोल पाऊल सुखचाल बूट दालन."

तिचा फोन मोठ्या पडद्याला जोडलेला होता. तिनं शब्द टाकले आणि पहिल्या ओळीत त्यांचं दुकान झळकलं. टाळ्या थांबेनात. आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले. धाकटीच्या अंगावर काटा आला. दोन वर्षं तिनं रात्रंदिवस डोकं फोडलं होतं, आणि या माणसानं एका आठवड्यात करून दाखवलं.

घरी येऊन तिनं थोरलीला सगळं सांगितलं. थोरली कातडं कापत होती. तिनं मान वर न करताच विचारलं, "पण हे असले शब्द बोलतं कोण गं?"

धाकटीला ते झोंबलं. तुला कातड्यातलं कळतं, यातलं मला कळू दे, असं ती फाडकन बोलून गेली. थोरलीनं पुन्हा विषय काढला नाही.

गुरुजींनी दुकानाच्या पानावरचं जुनं वर्णनही काढून टाकलं होतं. 'आखूड', 'लंगडणं' असले शब्द म्हणे दुकानाला शोभत नाहीत. पुढच्या तीन महिन्यांत मागण्या हळूहळू आटल्या. धाकटी गुरुजींना फोन करी, तेव्हा ते म्हणत, यंत्र तुमची परीक्षा बघतंय, शंका घेतली की क्रमांक घसरतो. मग ती शंका घ्यायलाही घाबरू लागली. थोरली रिकामी बसून बुटांचे तेच ते लाकडी साचे पुसायची. धाकटी तिच्या नजरेला नजर द्यायचं टाळायची.

एके सकाळी हाडांच्या एक डॉक्टरबाई पत्ता विचारत विचारत त्यांच्या घरच्या कारखान्यात आल्या. त्यांची एक रुग्ण होती, गणिताची निवृत्त शिक्षिका. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिचा एक पाय दोन बोटं आखूड झाला होता. कुणीतरी तिला अशा बुटांबद्दल सांगितलं होतं, पण दुकानाचं नाव तिला आठवत नव्हतं. दोन महिने तिनं शोधलं. शेवटी साध्या बुटात पुठ्ठा घालून चालली, जिन्यावर घसरली आणि मनगट मोडून बसली.

"तिनं काय लिहून शोधलं?" धाकटीनं विचारलं.

"एक पाय आखूड आहे, बूट कुठे मिळतील," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दुसरं काय लिहिणार बिचारी?"

धाकटीला वाटलं, तो जिना आपणच बांधलाय. जुन्या पानावर नेमके हेच शब्द होते.

डॉक्टरबाईंनी दुकानाचं पान बघायला मागितलं. खाली सरकत गेल्या आणि म्हणाल्या, खाली एवढी मोकळी जागा कशाला सोडली आहे? धाकटीनं माउसचं बटण दाबून त्या कोऱ्या जागेवरून ओढलं. निळा पट्टा उमटला आणि त्यात अक्षरं उघडी पडली. पांढऱ्या पानावर पांढऱ्या शाईनं लिहिलेलं: 'समतोल पाऊल सुखचाल बूट दालन'. आणि त्याखाली 'उत्तम बूट, स्वस्त बूट', शेकडो वेळा.

थोरली हातातला साचा ठेवून मागे येऊन उभी राहिली होती. अक्षरं वाचून ती परत कातड्याकडे वळली, आणि त्या दिवसापासून धाकटीशी कामापुरतंच बोलू लागली.

चमत्कार एवढाच होता. ते पाच शब्द ओळीनं लिहिलेलं जगात दुसरं पानच नव्हतं. शर्यतीत पळणारा एकटाच, मग पहिला नंबर कुणाचा येणार? वर अशी लपवाछपवी यंत्राला ओळखता येते, आणि ओळखली की ते पान मागे ढकलतं.

धाकटीनं ते सगळं पुसलं, जुनं वर्णन परत घातलं आणि आपल्या पानावर उघडपणे एक ओळ लिहिली. आठ दिवसांनी ती गुरुजींच्या सभेत उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सगळ्यांनी आपापल्या फोनवर लिहा: जांभळा कंदील तिरकी शिडी मुका रेडिओ."

सगळ्यांच्या फोनवर तिचंच दुकान पहिलं आलं.

"मी गुरू नाही. हे शब्द मी चहा पिताना जुळवले. आता असं लिहा: एक पाय आखूड आहे, बूट कुठे मिळतील."

एकाच्याही फोनवर तिचं दुकान आलं नाही. तिनं शिक्षिकेच्या मनगटाची गोष्ट सांगितली, आणि पासवर्ड आपणच दिला होता हेही सांगितलं. मग मंचावरच्या संगणकावर आजोबांचं पान उघडून तळाशी माउस ओढला. तिथंही पांढऱ्यावर पांढरं.

गुरुजी म्हणाले, श्रद्धा नसलेल्यांवर यंत्र रुसतं. पडदेवाल्यानं मान डोलावली. काही जण धाकटीवरच चिडून निघून गेले. आजोबा तेवढे जवळ आले आणि आपलं दुकान वर आणायचं कसं, असं विचारू लागले. हमखास उपाय मला माहीत नाही, असं सांगताना धाकटीला लाज वाटली नाही. गिऱ्हाईक ज्या शब्दांत विचारतं ते शब्द, प्रत्येक वस्तूचं खरं वर्णन, फोटोखाली चार ओळी, झटकन उघडणारं पान; एवढं करायचं आणि महिनोन् महिने धीर धरायचा, असं ती म्हणाली. पहिल्या नंबराची हमी देणारा खोटं बोलतो.

थोरलीचा अबोला अजून पुरता गेलेला नाही. मागण्याही थोड्याच येतात. शिक्षिकेला बूट मिळाले, पण मनगट पहिल्यासारखं वळत नाही.

म्हणून तुम्हाला एकच विनंती. कुणी तुमचं दुकान वर आणून दाखवलं, तर त्यानं सांगितलेले शब्द टाइप करू नका. तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाच्या हातात त्याचाच फोन द्या, त्याला काय हवंय तेवढं विचारा, आणि शब्द त्यालाच सुचू द्या.