न बघता दिलेलं ‘हो’

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा: तुम्ही टेबलाखाली गुडघे पोटाशी घेऊन बसला आहात आणि भोवती खोलीत लोखंडी पहार फिरते आहे.

ठकी तशीच बसली होती. पहिल्या घावाला कपाटाची काच खळ्ळकन फुटली, दुसऱ्याला खुर्चीची पाठ मोडली. पहार ज्याच्या हातात होती, तो प्रेस चालवणाऱ्या कामगाराचा थोरला भाऊ. सकाळी कारखान्यात पत्रा दाबणारी ती प्रेस खाली आली, तेव्हा धाकट्याचा उजवा हात आत होता.

“हात वाचवणारी जाळी उघडी होती! मग मशीन चाललंच कसं? बोल!”

ठकीचे बाबा भिंतीला टेकले होते. भुवईतलं रक्त ओघळून सदऱ्यावर पडत होतं.

“प्रोग्राम मी लिहिलाय, बरोबर लिहिलाय. तुमच्या भावानेच घाई केली असेल.”

“हात त्याचा गेला आणि घाईही त्याचीच? वा रे शहाण्या!”

त्याने बाबांची गचांडी धरून डोकं भिंतीवर आपटलं. आई मध्ये पडली, तर तिलाही झटकून दिलं.

ठकीला ती दुपार आठवली. कारखान्यातल्या मशीनचे प्रोग्राम ज्या भाषेत लिहितात, ती बाबा तिला घरच्या कॉम्प्युटरवर दाखवत होते. “फंक्शन म्हणजे निरोप्या, ठके. मशीन विचारतं, जाळी बंद आहे का? हा जाऊन बघतो आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ घेऊन परततो. एकदा उत्तर दिलं की काम संपलं. खालच्या ओळींकडे मग ढुंकूनही बघत नाही.”

कारखान्यात प्रेसच्या चाचणीच्या वेळी दर खेपेला जाळी लावायचा सगळ्यांना कंटाळा आला होता. म्हणून बाबांनी तिच्यासमोरच त्या फंक्शनमध्ये अगदी वर एक ओळ घातली. उत्तर: हो.

“न बघताच?” तिने विचारलं होतं.

“तात्पुरतं गं. उद्या काढतो.”

पहार पुन्हा वर गेली.

“शेवटचं विचारतो. मशीनने जाळी बघितली होती का नाही?”

“बघितली होती,” बाबा म्हणाले.

ठकी टेबलाखालून बाहेर आली.

“काका, मला माहितीये.”

“ठके, गप्प बस!” बाबा ओरडले.

पहार हवेतच थांबली. “बोल, पोरी.”

उत्तर ठकीच्या जिभेवर आलं होतं. पण तिने आधी पहारीकडे बघितलं, मग बाबांच्या डोक्याकडे.

“आधी ती खाली ठेवा. मग सांगते.”

“मला अटी घालतेस?”

ती जागची हलली नाही. त्या माणसाच्या हातातली पहार हळूहळू जमिनीला टेकली.

ठकीने ती दोन्ही हातांनी फरफटत दाराबाहेर नेली. आत येऊन कडी लावली, नीट बसली का ते ओढून बघितलं. मग काचा चुकवत ती कॉम्प्युटरपाशी गेली, बाबांचा प्रोग्राम उघडून पडदा काकांकडे वळवला आणि अजून तिथेच असलेल्या सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवलं.