खालचा मजकूर

लक्ष्मीकांतांनी पत्र्याचा डबा जेवणाच्या टेबलावर उपडा केला आणि ते बघतच राहिले. आतून कात्रणे नव्हेत, बोटभर रुंदीच्या पट्ट्या पडल्या. एकीवर त्यांचे नाव, काबूल आणि तारीख. दुसरीवर नाव, बगदाद, तारीख. बातमीचा एक शब्द म्हणून नव्हता.

वीस वर्षे परदेशात बातमीदारी करून ते बडोद्याला परतले आणि विद्यापीठात वृत्तपत्रांचा इतिहास शिकवू लागले. आता त्याच विषयावरच्या त्यांच्या पुस्तकाचे शेवटचे, स्वतःच्या बातम्यांवरचे प्रकरण अडले होते. त्यांचे दैनिक केव्हाच बंद पडलेले, जुने अंक कुठे मिळेनात. बायकोने सगळे जपून ठेवले आहे, एवढ्या भरवशावर त्यांनी प्रकाशकाला शब्द दिला होता.

"बाकीचं कुठे गेलं?"

"पस्तीत दिलं, रद्दीवाल्याला," निरुपमा स्वयंपाकघरातून म्हणाली.

ते भडकलेच. "जिवावर उदार होऊन लिहिलं मी. तू वाचलंसुद्धा नाहीस?"

ती हात पुसत येऊन बसली. पेपर दुपारच्या गाडीने यायचा. घरी येईपर्यंत दम निघायचा नाही, म्हणून ती सयाजीगंजला स्टेशनवरच्या स्टॉलवर जाऊन उभ्याउभ्या बघायची. बातमीवर कालची तारीख असली की जीव भांड्यात पडायचा. परवाची असली, तर रात्री घास उतरायचा नाही.

"खाली तुम्ही काय काय बघितलं ते असायचं. ते वाचून मुलांना हसत जेवायला वाढलं असतं का मी?"

माणसे पेपरात काय शोधतात, हे विचारायला लक्ष्मीकांत पुस्तकासाठी टेपरेकॉर्डर घेऊन पार शहराबाहेरच्या छाणीपर्यंत घरोघर हिंडले होते. या घरात मात्र कधी विचारले नव्हते. त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी पट्ट्या तारखेप्रमाणे लावायला घेतल्या.

प्रकरण नव्याने लिहायला महिना लागला. ते पुरे झाले त्या सकाळी त्यांनी कागद तिच्या चहाच्या कपाशेजारी ठेवले. कात्री आधीच उचलून ठेवली होती.

पुस्तकात असे कुणी करत नाही, पण पहिल्या पानावर, सगळ्यात वर, त्यांनी आपले नाव घातले होते. त्यापुढे बडोदे, आणि आजची तारीख.

निरुपमेने त्या ओळीवरून बोट फिरवले. समोर बसलेल्या नवऱ्याकडे एकदा बघितले आणि चष्मा चढवला.

"आज खालचंही वाचते," ती म्हणाली.